अंतर्कर्णाच्या चेतातंतूंत न्यूरोट्रान्समीटर कधी आणि कसे येतात: उंदराच्या कॉक्लियावर कालपट मांडण्याची सविस्तर पद्धत

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला ऐकू येत नाही. हवेतून आलेला आवाज कळायला जन्मानंतर साधारण १२ दिवस जावे लागतात. पण या १२ दिवसांत अंतर्कर्ण स्वस्थ बसलेला नसतो. कॉक्लियातल्या, म्हणजे अंतर्कर्णातल्या शंखासारख्या वेटोळ्यातल्या, रोमपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) आपोआप ग्लुटामेट हा न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे संदेशवाहक रेणू, सोडत असतात, मेंदूच्या स्तंभातून आलेले तंतू त्याच पेशींवर ॲसिटिलकोलीन सोडून त्यांना आवरत असतात, आणि यातले काही सिनॅप्स (पेशी आणि तंतू जिथे संदेश देतात ते जोड) तर ऐकू येऊ लागताच मोडून टाकले जातात. श्रवणाची यंत्रणा आवाज येण्याआधीच स्वतःला जुळवून घेत असते. सस्तन प्राण्यांच्या कानाचा हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो, आणि त्याचा अभ्यास काटेकोरपणे व्हावा म्हणून हा लेख.

चेताजीवशास्त्रात एमएस्सी किंवा पीएचडी करणाऱ्या, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक वापरता येणाऱ्या आणि अँटीबॉडीने ऊती रंगवण्याचा थोडाफार अनुभव असलेल्या विद्यार्थ्यांसाठी तो लिहिला आहे. कॉक्लियाच्या विच्छेदनावर हात बसलेला नसला तरी चालेल, तो सरावाने बसतो.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून टाका. ‘अमुक न्यूरोट्रान्समीटर अमुक दिवशी येतो’ असं वाक्य तुमच्या प्रबंधात कुठेही येता कामा नये. कुठल्या जातीचा तंतू, कॉक्लियाच्या लांबीवर नेमका कुठे आणि कुठल्या पुराव्याच्या आधारे, या तीन गोष्टी सोबत नसतील तर त्या दिवसाला काही अर्थ नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका आग्रहातून आल्या आहेत.

पायरी १: तंतूंची ओळख पक्की करा

कॉक्लियात आतल्या रोमपेशींची एक रांग आणि बाहेरच्या रोमपेशींच्या तीन रांगा असतात. माणसात आतल्या सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या सुमारे १२,००० पेशी असतात. उंदरात त्या याहून बऱ्याच कमी असतात, पण मांडणी तीच. या पेशींपाशी येणारे तंतू दोन दिशांचे असतात.

मेंदूकडे संदेश नेणारे ते अफेरंट. यांच्या पेशी कॉक्लियाच्या गाभ्यातल्या चेतापेशींच्या गटात, स्पायरल गँग्लियनमध्ये असतात. त्यातले ९० ते ९५ टक्के टाइप वन. असा प्रत्येक तंतू आतल्या एकाच रोमपेशीला भेटतो, आणि उंदराच्या एका पेशीवर जागेनुसार साधारण १० ते २० तंतू येतात. उरलेले टाइप टू. हे बारीक, मायलिनचं आवरण नसलेले तंतू आतल्या आणि बाहेरच्या रोमपेशींमधल्या बोगद्याच्या तळातून पलीकडे जातात, कॉक्लियाच्या बुंध्याकडे (रुंद टोकाकडे; दुसरं टोक म्हणजे शेंडा) वळतात आणि बाहेरच्या अनेक रोमपेशींना भेटतात.

मेंदूकडून कानाकडे येणारे ते एफरंट, म्हणजे ऑलिव्होकॉक्लियर तंतू. १९४६ मध्ये ग्रँट रॅसमुसेन यांनी या जुडग्याचं वर्णन केलं. १९७९ मध्ये ब्रूस वॉर आणि जॉन गिनन यांनी त्याच्या दोन वेगळ्या यंत्रणा दाखवल्या. मीडियल गटाचे जाड तंतू प्रौढ वयात बाहेरच्या रोमपेशींच्या बुडाशी मोठी टोकं टेकवतात. लॅटरल गटाचे बारीक तंतू आतल्या रोमपेशींच्या खाली, टाइप वन तंतूंच्या डेंड्राइटवर (संदेश घेणाऱ्या टोकांवर) जाऊन बसतात. ‘प्रौढ वयात’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण पिल्लात ही व्यवस्था निराळी असते.

तिसरा एक गट विसरला जातो, तो म्हणजे सिम्पथेटिक तंतू. मानेतल्या वरच्या गँग्लियनमधून ते रक्तवाहिन्यांच्या सोबतीने आणि हाडाच्या सर्पिल पट्टीपर्यंत येतात. त्यांच्यात नॉरॲड्रेनलिन असतं. डोपामाइनचा माग काढताना हे तंतू हमखास चकवतात. त्याबद्दल पुढे येईलच.

पायरी २: पुरावा कशाला म्हणायचं ते ठरवा

कुठल्याही तंतूत एखादा न्यूरोट्रान्समीटर ‘आहे’ म्हणायला चार गोष्टी लागतात: तो तयार होतो किंवा पुटिकांत (पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांत) भरला जातो, तो बाहेर सोडला जातो, समोर त्याला पकडणारे रिसेप्टर आहेत, आणि काम झाल्यावर तो उचलण्याची किंवा मोडण्याची सोय आहे. विकासाच्या काळात या चारही गोष्टी एकाच दिवशी येत नाहीत. म्हणून तुमच्या तक्त्यात चार वेगळे रकाने हवेत.

ग्लुटामेटच्या बाबतीत मोठा गोंधळ होतो, तो आधी सोडवू. रोमपेशी आणि अफेरंट तंतू यांच्या सिनॅप्समध्ये ग्लुटामेट सोडते ती रोमपेशी, तंतू नव्हे. तंतू तिथे घेणारा असतो. त्याच तंतूचं दुसरं टोक मेंदूच्या स्तंभातल्या कॉक्लियर न्यूक्लियसमध्ये असतं आणि तिथे ग्लुटामेट सोडणारा तोच असतो. ‘अफेरंट तंतूचा न्यूरोट्रान्समीटर’ शोधायचा असेल तर फक्त कॉक्लिया कापून भागत नाही, त्याच प्राण्याचा मेंदूस्तंभही जपून ठेवावा लागतो. कॉक्लियात तुम्ही बघणार ते रोमपेशीतलं व्हीग्लूट३ आणि तंतूवरचे आम्पा जातीचे ग्लुटामेट-रिसेप्टर. मेंदूस्तंभात बघणार ते तंतूंच्या टोकांतलं व्हीग्लूट१, आणि लहान वयात सोबत व्हीग्लूट२ सुद्धा.

व्हीग्लूट ही ग्लुटामेट पुटिकेत भरणारी प्रथिनं, आणि रोमपेशीतलं त्यांपैकी व्हीग्लूट३. ते नसलेले उंदीर ठार बहिरे असतात, हे २००८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. रोमपेशीतून ग्लुटामेट बाहेर पडायला ओटोफर्लिन हे आणखी एक प्रथिन लागतं. त्याच्या जीनमधल्या दोषामुळे जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलांना जीन-उपचारानंतर ऐकू येऊ लागल्याचे निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हे सिनॅप्स कसे घडतात ते नीट कळणं किती मोलाचं आहे ते यावरून दिसतं.

ॲसिटिलकोलीनसाठी ते तयार करणारं चॅट हे एन्झाइम आणि ते पुटिकेत भरणारं व्हीएसीएचटी हे प्रथिन बघा. तंतूंच्या टोकांसाठी व्हीएसीएचटी अधिक चांगलं, कारण ते पुटिकांवरच बसतं आणि टोकं ठळक ठिपक्यांसारखी उठून दिसतात. ॲसिटिलकोलिनएस्टरेजवर एकट्यावर विसंबू नका. जुने अभ्यास त्याच्या रंगावर झाले आणि त्यांनी वाट दाखवली, पण हे एन्झाइम ॲसिटिलकोलीन घेणाऱ्या पेशींतही सापडतं.

गाबा या न्यूरोट्रान्समीटरसाठी तो तयार करणारी जीएडी६५ आणि जीएडी६७ ही एन्झाइम. डोपामाइनसाठी ते घडवायला लागणारं टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, पण एकटं नव्हे. उंदराच्या टाइप टू तंतूंतही हे एन्झाइम सापडतं आणि सिम्पथेटिक तंतूंत तर असतंच. सोबत डोपामाइनचं नॉरॲड्रेनलिन करणारं डोपामाइन-बीटा-हायड्रॉक्सिलेज रंगवलं तर सिम्पथेटिक तंतू वेगळे काढता येतात. टाइप टू तंतू त्यांच्या वाटेवरून ओळखता येतात: बोगदा ओलांडून बाहेरच्या रोमपेशींखालून लांबवर गेलेले. एन्झाइम दिसलं म्हणजे डोपामाइन सुटतं असं नाही, हे निष्कर्षात स्पष्ट लिहा.

पायरी ३: वयं निवडा, आणि दिवस मोजण्याची रीत लिहून ठेवा

आधी घटनांचा क्रम डोळ्यांसमोर आणा. उंदराचा गर्भकाळ सुमारे १९ दिवसांचा. स्पायरल गँग्लियनचे न्यूरॉन भ्रूणाच्या साधारण १० ते १३ या दिवसांत जन्मतात, बुंध्याचे आधी आणि शेंड्याचे नंतर. रोमपेशींचं पेशीविभाजन उलट क्रमाने थांबतं, शेंड्याकडे आधी. मात्र त्या रोमपेशी म्हणून घडू लागतात बुंध्याजवळ आणि ही लाट शेंड्याकडे सरकत जाते. एफरंट तंतूही भ्रूणावस्थेतच कानाकडे निघतात. त्यांच्या पेशी मागच्या मेंदूच्या चौथ्या खंडात, चेहऱ्याच्या स्नायूंना चालवणाऱ्या न्यूरॉनांच्या सोबतीने जन्मतात. एका अर्थी ते कानाकडे वळलेले मोटर न्यूरॉनच. त्यामुळे ते कोलिनर्जिक (ॲसिटिलकोलीन सोडणारे) असावेत यात नवल नाही.

या क्रमाला धरून मी पुढची वयं सुचवेन: भ्रूणाचा १६वा आणि १८वा दिवस, जन्माचा दिवस, मग ३, ६, ९, १२, १४ आणि २१वा दिवस, आणि प्रौढ म्हणून ६ ते ८ आठवडे. वेळ किंवा प्राणी कमी असतील तर भ्रूणाची वयं गाळा, पण ९, १२ आणि १४ हे तीन दिवस गाळू नका. सगळ्यात मोठी उलथापालथ तिथेच होते.

दिवस मोजण्यात प्रयोगशाळांमध्ये फरक असतो. जन्माचा दिवस काही जण शून्य धरतात, काही जण एक. योनीत प्लग दिसलेला दिवस कुणी शून्य धरतं, कुणी अर्धा. तुमची रीत वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण नऊ आणि दहा यांत इथे खरोखर फरक पडतो.

उंदराचा वंशही विचारपूर्वक निवडा. सी५७ब्लॅक६ या नेहमीच्या वंशात कॅडहेरिन२३ या जीनचा असा प्रकार असतो की वय वाढताना त्यांचं ऐकणं लवकर घटतं, तेही बुंध्याकडून. पिल्लांवरच्या कामात हे फारसं आड येत नाही. पण प्रौढ वयाशी तुलना करायची असेल तर सीबीए वंश बरा.

आणि जागा. उंदराच्या कॉक्लियाची लांबी सुमारे ६ मिलिमीटर. बुंधा विकासात शेंड्याच्या पुढे असतो, त्यामुळे एकाच पिल्लाच्या कॉक्लियात वेगवेगळ्या ‘वयांचे’ भाग एका वेळी मिळतात. ही मोठी सोय आहे, आणि जागा नोंदवली नाही तर तोच मोठा घोटाळा. प्रत्येक चित्रासोबत शेंड्यापासूनचं अंतर एकूण लांबीच्या टक्क्यांत लिहा. ‘मधला वेटोळा’ एवढी नोंद पुरेशी नाही.

पायरी ४: ऊती मिळवणं आणि घट्ट करणं

प्राण्यांवरच्या कामाला संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी परवानगी लागते. ती आल्याशिवाय प्रजननाच्या जोड्याही लावू नका.

नवजात पिल्लांत कानाभोवतीचं हाड अजून मऊ असतं. डोकं मधोमध उभं कापून, मेंदू अलगद उचलून, कॉक्लियाचा वेटोळा असलेला भाग वेगळा काढा आणि ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये ठेवा. मोठ्या उंदरात आधी हृदयातून हाच द्रव सोडा आणि मग गोल व लंबगोल खिडक्यांतून कॉक्लियात थेट सोडा. नुसतं बुडवून ठेवलं तर आतपर्यंत द्रव पोचायला उशीर होतो आणि तेवढ्यात सिनॅप्स खराब होतात.

किती वेळ ठेवायचं हे कशाचा शोध आहे त्यावर अवलंबून. ग्लुटामेटच्या रिसेप्टरांसाठी कमी वेळ चांगला. रात्रभर ठेवलेल्या ऊतीत ग्लूए२ या आम्पा रिसेप्टरच्या घटकाचे ठिपके फिके पडतात किंवा दिसतच नाहीत. तासाभराच्या आत उरकणं बरं. एन्झाइम आणि पुटिकांवरची प्रथिनं जास्त वेळ सहन करतात. गाबा किंवा ग्लुटामेट हे रेणूच अँटीबॉडीने पकडायचे ठरवलं तर ग्लुटाराल्डिहाइड लागतं, कारण इतके छोटे रेणू नुसत्या पॅराफॉर्माल्डिहाइडने जागच्या जागी टिकत नाहीत. पण ग्लुटामेट हा रेणू प्रत्येक पेशीत चयापचयासाठी असतोच, त्यामुळे तो दिसल्याने फारसं काही सिद्ध होत नाही.

साधारण सहाव्या दिवसानंतर हाडातलं कॅल्शियम काढावं लागतं. त्यासाठी ०.१२ मोलर ईडीटीए, उदासीन पीएच. दहा दिवसांच्या पिल्लाला एक रात्र बहुधा पुरते, प्रौढाला दोन-तीन दिवस लागतात. चिमट्याच्या टोकाने हाड सहज दबलं की झालं. आम्ल वापरून घाई करू नका, अँटीबॉडी बसायच्या जागाच नष्ट होतात.

आता विच्छेदन. हाडाचा पापुद्रा शेंड्यापासून उचलत या. बाजूची स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस आणि स्पायरल लिगामेंट कात्रीने कापून दूर करा, म्हणजे पट्टी सपाट बसेल. पिल्लांत टेक्टोरियल पडदा नीट सोलून काढा, कारण त्याला अँटीबॉडी चिकटते आणि सगळं चित्र धुरकट होतं. पट्टीचे तीन-चार तुकडे करा आणि बुंध्याच्या टोकाचा आकड्यासारखा वळलेला भाग हरवू देऊ नका. तो सर्वात आधी तुटतो, आणि नेमका तोच विकासात सगळ्यात पुढे असलेला भाग असतो.

मेंदूस्तंभाचे ४० मायक्रॉन जाडीचे आडवे छेद घ्या, सुपीरिअर ऑलिव्ह (एफरंट तंतूंचं उगमस्थान) आणि कॉक्लियर न्यूक्लियस दोन्ही येतील असे.

पायरी ५: अँटीबॉडींचे संच जुळवा

एका तुकड्यावर तीन-चार रंगच बसतात, म्हणून प्रश्नानुसार संच करा. ग्लुटामेटच्या सिनॅप्ससाठी सीटीबीपी२ (रोमपेशीत पुटिका धरून ठेवणाऱ्या रिबन या रचनेची खूण), ग्लूए२ आणि रोमपेशींच्या ओळखीसाठी मायोसिन७ए. कोलिनर्जिक तंतूंसाठी व्हीएसीएचटी, बीटा-३ ट्युब्युलिन (तंतूंची सर्वसाधारण खूण) आणि मायोसिन७ए. एफरंटमधल्या सहअस्तित्वासाठी व्हीएसीएचटी, जीएडी६५ आणि सीजीआरपी हे पेप्टाइड.

सीटीबीपी२ आणि ग्लूए२ या दोन्हींच्या नेहमीच्या अँटीबॉडी उंदराच्याच, पण वेगवेगळ्या उपवर्गाच्या आहेत: पहिली आयजीजी१, दुसरी आयजीजी२ए. दुय्यम अँटीबॉडी उपवर्गानुसार घेतली तर दोन्ही एकत्र वापरता येतात. सीटीबीपी२ ची अँटीबॉडी पेशीकेंद्रही रंगवते. त्याला घाबरू नका, उलट केंद्रांवरून आतल्या रोमपेशी मोजायला सोपं जातं.

पेरिफेरिन या तंतूंतल्या प्रथिनाबद्दल विशेष सांगायला हवं. प्रौढ कॉक्लियात ते टाइप टू न्यूरॉनांची खूण मानलं जातं आणि ते बरोबर आहे. पण नवजात पिल्लात ते टाइप वनमध्येही असतं आणि पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे टाइप टूपुरतं उरतं. याच काळात टाइप वनचे काही तंतूही बाहेरच्या रोमपेशींपर्यंत पसरलेले असतात आणि नंतर मागे घेतले जातात. तिसऱ्या दिवशीच्या चित्रात पेरिफेरिन दिसलं म्हणून तंतूला टाइप टू म्हणालात तर पुढचं सगळं विवेचन चुकीच्या तंतूबद्दल होईल.

जनुकीय खुणा वापरणाऱ्यांसाठीही एक धोका आहे. चॅटच्या प्रवर्तकावर क्री (डीएनए कापून खूण चालू करणारं एन्झाइम) बसवलेले उंदीर लाल प्रथिनाच्या खुणेशी जुळवले की कोलिनर्जिक तंतू सुंदर दिसतात. पण ती खूण एकदा चालू झाली की आयुष्यभर राहते. पेशी आज चॅट बनवते की कधी काळी बनवत होती, हे ती सांगत नाही. तात्पुरत्या न्यूरोट्रान्समीटरच्या अभ्यासात हा फरक जीवघेणा आहे. म्हणून क्रीची खूण फक्त तंतूची वाट बघायला वापरा आणि न्यूरोट्रान्समीटर अँटीबॉडीने तपासा. किंवा टॅमॉक्सिफेनने चालू होणारी क्री घ्या, म्हणजे वेळ तुमच्या हातात राहते.

नियंत्रणं प्रत्येक वेळी, प्रत्येक वयाला. प्राथमिक अँटीबॉडी न घातलेला तुकडा हवाच. सकारात्मक नियंत्रण त्याच मेंदूस्तंभात मिळतं: व्हीएसीएचटी आणि चॅटसाठी फेशियल न्यूक्लियसचे मोटर न्यूरॉन, जे भ्रूणावस्थेपासून कोलिनर्जिक असतात. तिथे रंग आला आणि कॉक्लियात आला नाही, तरच ‘अजून नाही’ असं म्हणायला आधार आहे. जीएडीसाठी लहान मेंदू आणि टायरोसिन हायड्रॉक्सिलेजसाठी मध्यमेंदूतला सब्स्टॅन्शिया नायग्रा.

पायरी ६: रंगवणं

हा भाग थोडक्यात. तुकडे ३० टक्के साखरेच्या द्रावणात ठेवून कोरड्या बर्फावर एकदा गोठवा आणि वितळू द्या, अँटीबॉडी आत शिरायला मदत होते. मग ५ टक्के सीरम आणि ०.३ ते १ टक्का ट्रायटन असलेल्या बफरमध्ये तासभर. प्राथमिक अँटीबॉडी रात्रभर, दुय्यम एक ते दोन तास, प्रत्येकानंतर दहा-दहा मिनिटांच्या तीन धुण्या. माउंट करताना रोमपेशींचे केस वर येतील अशी पट्टी ठेवा. सर्व वयांचे तुकडे एकाच दिवशी, एकाच मिश्रणात रंगवा. वेगवेगळ्या दिवशी रंगवलेल्या वयांच्या तेजाची तुलना करता येत नाही.

पायरी ७: बघणं आणि मोजणं

६३ पटीचं तेलाचं लेन्स, आणि प्रत्येक थरामागे ०.२५ ते ०.३ मायक्रॉन. लेझरची तीव्रता सर्वात तेजस्वी वयावर ठरवा आणि मग बदलू नका.

तिसऱ्या दिवसाचा बुंध्याकडचा तुकडा समोर घ्या. मायोसिनने रंगलेल्या आतल्या रोमपेशी एका ओळीत उभ्या दिसतात. त्यांच्या बुडाशी व्हीएसीएचटीचे बारीक ठिपके, एकमेकांना लागून, पेशीच्या खालच्या तिसऱ्या भागाला वेढून असतात. बोगदा अजून धड उघडलेलाही नसतो. त्यापलीकडे बाहेरच्या रोमपेशींच्या तीन रांगांखाली जवळजवळ अंधार. आता एकविसाव्या दिवसाचा तोच भाग घ्या. बाहेरच्या रोमपेशींच्या बुडाशी मोठी, गुबगुबीत टोकं झुपक्याने बसलेली असतात, बोगद्यातून आडवे जाणारे तंतूही रंगलेले असतात, आणि आतल्या रोमपेशींजवळचे ठिपके पेशीला सोडून खाली, आतल्या स्पायरल जुडग्यात उतरलेले दिसतात.

मधल्या काळात काय घडलं हे शोधण्याचं काम तुमचं. ढोबळ क्रम माहीत आहे: एफरंट आधी आतल्या रोमपेशींपाशी येतात, तिथे काही दिवस थांबतात आणि मग बाहेरच्या पेशींवरची टोकं घडतात. ड्वेन सिमन्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हॅमस्टरवरच्या कामातून या थांब्याला प्रतीक्षाकाळ म्हटलं. गाबाच्या खुणाही साधारण याच क्रमाने, आधी आतल्या आणि मग बाहेरच्या पेशींपाशी दिसतात. प्रौढ उंदराच्या बहुतेक एफरंट टोकांत ॲसिटिलकोलीन आणि गाबाच्या खुणा एकत्र आढळतात. म्हणून ‘हा तंतू कोलिनर्जिक की गाबाचा’ असा प्रश्न इथे बसत नाही. प्रत्येक टोकात दोन्हींचं प्रमाण मोजा.

साध्या सूक्ष्मदर्शकाची एक मर्यादा आहे. एफरंटचं टोक रोमपेशीला टेकलंय की शेजारच्या डेंड्राइटला, हे कॉन्फोकल ठरवू शकत नाही. दोन आधार घ्या. पहिला एसके२ या पोटॅशियम चॅनेलचा: एफरंट टोकासमोर रोमपेशीच्या पडद्यावर एसके२ चे ठिपके जोडीने बसलेले दिसले, तर तो सिनॅप्स पेशीवरच आहे असं म्हणायला बळकटी येते. दुसरा, पक्का आधार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा: अशा सिनॅप्सच्या समोर रोमपेशीत पडद्याला अगदी लगटून एक चपटी पिशवी असते. अफेरंट सिनॅप्समध्ये तिच्या जागी रिबन दिसतं.

रिबन मोजताना सीटीबीपी२ आणि ग्लूए२ जोडीने मोजा. लहान वयात जोडीविना भटके ठिपके बरेच असतात. ते वेगळे नोंदवा, कारण ‘जोडी जुळलेल्यांचं प्रमाण’ हाच विकासाचा खरा निर्देशक आहे.

पायरी ८: काम चालतं का, ते तपासा

रंग दिसला म्हणजे संदेश वाहतो असं नाही. सोय असेल तर सात ते अकरा दिवसांच्या पिल्लाची कॉक्लिया ताजी काढून आतल्या रोमपेशीवर पॅच क्लॅम्प (सूक्ष्म काचनळीने पेशीतले विद्युतप्रवाह मोजणं) करा. २००० मध्ये एलिझाबेथ ग्लोवॉट्स्की आणि पॉल फुक्स यांनी नवजात उंदीरवर्गीय प्राण्यांच्या आतल्या रोमपेशींवर ॲसिटिलकोलीनचे सिनॅप्स चालू असल्याचं अशाच नोंदींतून दाखवलं. या सिनॅप्सचं वागणं उलटं वाटेल असं आहे. ॲसिटिलकोलीनने अल्फा९ आणि अल्फा१० या उपघटकांचा रिसेप्टर उघडतो आणि कॅल्शियम आत येतं, म्हणजे सुरुवात उत्तेजनाची. पण त्या कॅल्शियमने शेजारचे एसके२ उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी शांत होते.

औषधांनी खात्री करा. अल्फा-बंगारोटॉक्सिन हा प्रतिसाद थांबवतं, स्ट्रिक्नीनही थांबवतं, आणि निकोटीन या रिसेप्टरला उघडण्याऐवजी अडवतं. ॲपामिन दिलं की एसके२ बंद होऊन फक्त आत येणारा प्रवाह उरतो. अफेरंट बाजूला आम्पा रिसेप्टर अडवणारं एनबीक्यूएक्स दिल्यावर तंतूवरचे प्रवाह थांबले तर ते आम्पा रिसेप्टरांचे होते. गाबासाठी रोमपेशीवर थेट प्रतिसाद शोधत बसू नका. पिल्लात सुटलेला गाबा एफरंट टोकावरच्या गाबा-बी रिसेप्टरांवर काम करून ॲसिटिलकोलीनचं सुटणं कमी करतो. म्हणून गाबा-बीला चालना देणारं बॅक्लोफेन देऊन ॲसिटिलकोलीनच्या घटना किती घटतात ते मोजा.

ऐकू येऊ लागल्यानंतर आतल्या रोमपेशींत अल्फा१० चं जनुक मंदावतं, एसके२ जातं आणि त्यांचा ॲसिटिलकोलीनला प्रतिसाद संपतो. बाहेरच्या पेशींत मात्र हे सगळं टिकून राहतं. म्हणजे आतल्या पेशीवरचा हा सिनॅप्स जन्माआधीपासून घडतो, दोन आठवडे काम करतो आणि निघून जातो. तो असतानाच आधारपेशींनी सोडलेल्या एटीपीमुळे आतल्या रोमपेशी झटक्या-झटक्याने उत्तेजित होत असतात, हे निकोलस ट्रिश, ड्वाइट बर्गल्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं. त्या झटक्यांची लय एफरंट तंतू आवरतात आणि त्यातून पुढे मेंदूतले श्रवणमार्ग घासूनपुसून नीट होतात, असं मानायला चांगला आधार आहे.

पायरी ९: प्राण्यांच्या खोलीची नोंद ठेवा

ही पायरी बहुतेक पद्धतींत नसते, पण माझा तिच्यावर भर आहे. लॅटरल गटाच्या तंतूंचं रसायन प्रौढ वयातही कायमचं ठरलेलं नसतं. मोठा आवाज ऐकवलेल्या उंदरांत टायरोसिन हायड्रॉक्सिलेज असलेल्या लॅटरल न्यूरॉनांची संख्या वाढते, आणि पेप्टाइड न्यूरोट्रान्समीटरांचं प्रमाणही ऐकण्याच्या अनुभवाने बदलतं. तुमच्या एकविसाव्या दिवसाच्या आणि प्रौढ गटांच्या पिंजऱ्यांशेजारी पंखा किंवा पिंजरे धुण्याचं यंत्र चालू असेल, तर विकासाचा परिणाम आणि आवाजाचा परिणाम वेगळा करता येणार नाही. खोलीतली ध्वनिपातळी, पिंजरा हलवल्याच्या तारखा आणि आसपासचं बांधकाम, सगळं वहीत नोंदवा.

तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाच्या भागावर हीच पद्धत चालते. फक्त तिथले एफरंट फेशियल नर्व्हच्या वळणाजवळच्या वेगळ्या गटातून येतात आणि टाइप वन रोमपेशीला अफेरंटचा पेला वेढून असतो. त्यामुळे एफरंटचं टोक बहुधा पेशीला नव्हे, त्या पेल्याला भेटतं. मोजणीचे नियम त्यानुसार बदला.

पायरी १०: निष्कर्षाचं वाक्य लिहिणं

तक्त्याच्या प्रत्येक ओळीत प्राण्याचा क्रमांक, वंश, वय आणि ते मोजण्याची रीत, शेंड्यापासूनचं टक्क्यांतलं अंतर, तंतूची जात आणि ती कशावरून ठरवली, खूण, आणि चारपैकी कुठल्या प्रकारचा पुरावा, एवढं असू द्या. सांख्यिकीसाठी एकक प्राणी धरा. एका कॉक्लियातल्या ४० रोमपेशी म्हणजे ४० स्वतंत्र नमुने नव्हेत.

मग वाक्य असं होतं: ‘शेंड्यापासून ७० टक्के अंतरावर, तिसऱ्या दिवशी, तपासलेल्या सर्व पिल्लांत आतल्या रोमपेशींच्या बुडाशी व्हीएसीएचटीची टोकं होती आणि त्यातल्या बहुसंख्य टोकांसमोर एसके२ होतं, बाहेरच्या रोमपेशींखाली व्हीएसीएचटी नगण्य होतं, सुटण्याचा पुरावा या वयात तपासलेला नाही.’ शेवटचा तुकडा संकोच न करता लिहा. पुढे येणारा विद्यार्थी तिथूनच इलेक्ट्रोड घेऊन काम सुरू करू शकेल.